वय हे निदान नाही

९ फेब्रुवारी

ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच सोडून देतेस, म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे. पाकीट न उघडता फेकायचं म्हटलं तरी उठून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जावं लागेल. तेवढा त्रास तुला द्यायचा मला हक्क आहे.

आईच्या पायाचं तुला कळलंय, हे मला ठाऊक आहे. तिच्याकडून नाही, तिच्या सर्जनकडून. ते तुझे वर्गमित्र आहेत आणि तुला रोज फोन करतात, हेही मला आईकडूनच कळलं. त्यांनी तुला सांगितलं नसेल ते मी सांगते.

गेल्या महिन्यात तलावाच्या लोखंडी शिडीवर आईची नडगी घासली. हो, ती अजून पोहणं शिकवायला जाते. साठी उलटलेल्या बायकांचा सकाळचा वर्ग तिच्याकडे आहे आणि त्यांना ती पोरी म्हणते. खरचटलं तेव्हा तिने पट्टी लावली आणि वर्ग पूर्ण करूनच बाहेर आली. दोन-तीन दिवसांत तिथे पाणी भरलेला फोड आला, तो फुटला आणि त्याची जखम झाली. सर्जननी ती साफ केली, म्हणजे कडेचं मेलेलं मांस कापून काढलं. जखम वाढली. त्यांनी पुन्हा कापलं, ती पुन्हा वाढली. आता माझा तळहात मावेल एवढी आहे. कडा जांभळ्या आहेत आणि आतून पोखरल्यासारख्या. पट्टी बदलताना आई ओठ दाबून खिडकीकडे बघते. तू तिला असं कधी पाहिलेलं नाहीस. मीही नाही.

काल मी सर्जनना विचारलं की जखम भरत का नाही. ते म्हणाले, "वयाची कातडी आहे. अशीच फाटते, अशीच सडते."

ताई, वय हे निदान नाही. तुला आणि त्यांना एकाच वर्गात हे शिकवलं असेल, तर तुमच्या शिक्षकांना माझा निरोप दे.

आईचे दंड आठव. उभा जन्म उन्हात, तलावाच्या काठावर गेला तिचा. दंडाची कातडी डागाळलेली, कागदासारखी, चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी. आणि पोहण्याच्या कपड्याखाली झाकलेली कमरेची कातडी अजून मऊ, घट्ट. दोन्हींचं वय एकच. मग एक म्हातारी आणि दुसरी तरुण का? मी इतकी वर्षं हाच प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसले आहे. उन्हाने दंडातल्या पेशी दुखावतात. दुखावलेल्या पेशी धड मरत नाहीत, धड काम करत नाहीत, नुसत्या हाका मारत राहतात. त्या ऐकून शरीराच्या पांढऱ्या पेशी मदतीला येतात. तरुण कातडीत त्या येतात, साफसफाई करतात आणि जातात. इथे त्या जातच नाहीत, ठाण मांडून बसतात. आत मंद दाह धुमसत राहतो आणि कातडीला ताणून धरणारे धागे त्यात हळूहळू तुटतात. आपण ज्याला म्हातारी कातडी म्हणतो, तिच्यात नुसती वर्षं नसतात, ही धगही असते.

बाबा गेले त्या आठवड्यात तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस की आमची धाकटी सुरकुत्यांची डॉक्टर आहे, माणूस मरत असताना तिचा काही उपयोग नसतो. मी म्हणाले होते की तू सर्जन, तुला कापल्याशिवाय काही दिसत नाही. मी तो शब्द मागे घेतलेला नाही. पाच वर्षं बोलली नाहीस, अजून पाच बोलू नकोस. पण आईच्या पायाबद्दल माझ्या पाठीमागे ठरवायचं नाही.

तुझी बहीण (तुला आवडो न आवडो)


१७ फेब्रुवारी

ताई,

तिसऱ्यांदा कापलं. मी प्रयोगशाळेत होते, मला नंतर कळलं. आता पोटरीच्या बाजूने हाडाजवळ आलंय.

त्यांनी गुडघ्याखालून पाय काढण्याचा विषय काढला आहे. तुला हे माझ्याआधी माहीत होतं, म्हणून नवलाचा आव आणू नकोस. मी विचारलं की रक्तवाहिन्यांची तपासणी काय सांगते. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की रक्तपुरवठा उत्तम आहे, चाळिशीतल्या बाईला शोभेल असा. जंतूंचं विचारलं. कातडीवर सगळ्यांच्याच असतात ते साधे जंतू मिळाले होते आणि त्यांच्यावरची सगळी औषधं देऊन झाली होती. मग रक्त पोचतंय, जंतू फारसे नाहीत, तरी मांस का वितळतंय? यावर ते पुन्हा वयावर आले.

आणखी एक गोष्ट. सलाइनसाठी आईच्या मनगटाजवळ सुई टोचली होती. ती काढल्यावर तिथे पूसारखा फोड आला आहे आणि त्याच्या भोवती तीच जांभळी कड. परिचारिका म्हणाली की सुई नीट बसली नसेल. मी त्या फोडाकडे बराच वेळ पाहत उभी राहिले. पायावर शिडी लागली, तिथे जखम. चाकू लागला, तिथे मोठी जखम. हातावर नुसती सुई लागली, तिथेही तेच. ताई, या बाईला जिथे लागतंय तिथे तिचं स्वतःचं शरीर तुटून पडतंय. हे सडणं नाही. हा हल्ला आहे, आणि करणारे आतलेच आहेत.

मी सर्जनना म्हटलं की आणखी काही कापायच्या आधी जखमेच्या कडेचा एक तुकडा तपासायला द्या. ते हसले नाहीत, ते हसणाऱ्यातले नाहीत, पण त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही उंदरांवर काम करता ना?"

मी म्हटलं, "माणसांच्या कातडीवर करते. तुमच्या या पेशंटच्याही."

ते खरं आहे. आमच्या अभ्यासाला वयस्कर माणसं मिळत नव्हती तेव्हा आई स्वतःहून आली होती. दंडाचा एक तुकडा, कमरेचा एक, वाटाण्याएवढे. टाके घालणाऱ्या डॉक्टरला तिने सांगितलं होतं की घाई करू नका, मला पुढच्या आठवड्यात पाण्यात उतरायचंय. ते तुकडे अजून माझ्या फ्रीजमध्ये आहेत. आईची कातडी शांत असताना कशी दिसते, हे या जगात मी सोडून कुणालाच माहीत नाही. तुलाही नाही.

सर्जन म्हणाले की विचार करतो. विचार म्हणजे तुला फोन. तेव्हा हे पत्र मिळेल तोवर तू काहीतरी बोलून बसलेली असशील. मी अजिबात घाबरलेली नाही. फक्त आज दुपारी प्रयोगशाळेतले सगळे फ्रीज रिकामे करून पुसून काढले, ज्यांची पुसायची वेळ झाली नव्हती तेही.


२१ फेब्रुवारी

ताई,

तू आईला फोन करून सही करायला सांगितलंस. तिने तुझं शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन ठेवला. लाइन कट झाली असं तुला वाटलं असेल. कट झाली नव्हती.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगते, कारण तुझे मित्र सौम्य करून सांगतील.

ते संमतीचा कागद घेऊन आले आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. लिफ्टच्या शेजारी, जिथे पाण्याचं यंत्र आहे तिथे. त्यांचं म्हणणं मी पुरतं ऐकून घेतलं आणि ते मूर्खपणाचं नव्हतं, हे तुलाही सांगते. विष हाडात उतरलं तर ते रक्तात जाईल आणि मग पाय नाही, माणूस जाईल. या वयात दुसरी संधी मिळत नाही. हा माणूस आईला मारायला निघालेला नाही, वाचवायलाच निघालेला आहे. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं की तुकडा तपासायला दोन दिवस लागतील, तेवढे द्या. ते म्हणाले की मोठ्या बहिणीचं मत वेगळं आहे. मी म्हटलं की मोठ्या बहिणीने ही जखम पाहिलेली नाही. ते म्हणाले की फोटो पाहिलेत. आमचे आवाज चढले असावेत, कारण आतून आईने तिचा तलावावरचा आवाज काढला. तुला आठवत असेल, एका टोकाला पळणारं पोर दुसऱ्या टोकावरून जागच्या जागी थांबवणारा. आम्ही दोघेही थांबलो.

आत गेलो. ती उशीला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा. ती सर्जनना म्हणाली, "पाय माझा आहे. बोलायचं तर इथे बोला." आणि माझ्याकडे बघत, "तुम्ही दोघी बहिणी मिळून माझा पाय वाटून घेऊ नका."

मग तिने सर्जनना दोन प्रश्न विचारले. आज कापलं नाही आणि दोन दिवस थांबलो तर मी मरेन का? ते म्हणाले, तशी शक्यता थोडी आहे, ताप वाढला तर जास्त. कापल्यावर कापलेल्या जागी पुन्हा असंच झालं तर? यावर त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. तिसऱ्या वेळी त्यांनी अगदी चांगल्या मांसापर्यंत कापलं होतं आणि ते चांगलं मांसही गेलं होतं. त्यांनाही ते खुपत असणार.

आईने मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला खात्री आहे?"

मी म्हटलं, नाही.

"बरं," ती म्हणाली. "घ्या तुकडा."

त्यांनी स्वतः तो घेतला, अगदी जपून, जेमतेम पुरेल एवढा. तीही जखमच, आणि माझा अंदाज खरा असेल तर तीही वाढणार, हे मी आईला आधी सांगितलं होतं. तुला सांगायचं राहिलं म्हणून आता सांगते.


२८ फेब्रुवारी

ताई,

तुझा फोन आला होता असं आई म्हणाली. माझ्याविषयी काही विचारलं नाहीस असंही म्हणाली. ठीक आहे.

रुग्णालयातल्या पॅथॉलॉजीच्या बाईंनी स्लाइड पाहिली आणि मला शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं. निदान त्यांनीच केलं, त्यावर सही त्यांचीच आहे. मी फक्त आईच्या दंडाची जुनी स्लाइड बरोबर नेली होती. आम्ही दोन्ही शेजारी शेजारी लावल्या.

दंडाच्या स्लाइडमध्ये म्हातारपण आहे. तुटके धागे, इकडेतिकडे विखुरलेल्या पांढऱ्या पेशी, सुस्तावलेल्या, घरी जायचं विसरलेल्या. पायाच्या स्लाइडमध्ये वेगळंच जग होतं. न्यूट्रोफिलची झुंबड. जंतू दिसले की पहिल्यांदा धावतात त्या या पेशी. दाटीवाटीने, एकमेकींवर चढलेल्या, आणि त्यांच्या भोवतीचं सगळं विरघळलेलं. पॅथॉलॉजीच्या बाईंनी जंतूंसाठीचे सगळे रंग लावून पाहिले. जंतू नव्हते. बुरशी नव्हती. कर्करोग नव्हता. शत्रूच नव्हता आणि लढाई चालू होती. धुमसणारा दाह बघण्यात माझं आयुष्य गेलंय, म्हणून भडकलेला वेगळा आहे हे मला कळलं. सुरकुत्यांचा एवढा उपयोग झाला.

नाव तुला ठाऊक आहे. पायोडर्मा गँग्रिनोसम. परीक्षेपुरतं पाठ करून विसरतात ते. नावात गँग्रीन आहे आणि प्रत्यक्षात गँग्रीन नाही, म्हणूनच लोक चाकू उचलतात. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की एवढं लांब नाव कोण घेणार, आपण त्याला पिसाळलेला म्हणू.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. उपचार म्हणजे कापणं बंद आणि या पेशींना आवरणारं स्टेरॉइड, भरपूर. पण निदान चुकलं असेल आणि आत कुठे जंतू दडलेले असतील, तर या औषधाने त्यांना रान मोकळं. त्या बाईंनी हे आईला सरळ शब्दांत सांगितलं. सर्जन भिंतीशी उभे होते. आईने त्यांना विचारलं की तुमचं काय मत. ते म्हणाले की सर्जन म्हणून मी अजूनही कदाचित कापला असता, पण माझी आई असती तर औषध देऊन पाहिलं असतं. असं उत्तर देणारा माणूस तुझा मित्र आहे, याचं मला आश्चर्य वाटलं आणि तुझ्याबद्दल जरा बरंही.

गोळ्या सुरू झाल्या. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी थोडा ताप, आणि मी खुर्चीवरून हलले नाही. पण तो उतरला. काल सकाळी पट्टी बदलताना परिचारिका सवयीने म्हणाली की जरा दुखेल हं. आई म्हणाली, "नाही दुखत." आणि मग पुन्हा, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "नाही दुखत गं."

मी बाहेर जाऊन पाण्याच्या यंत्रापाशी उभी राहिले. पाणी प्यायला.


१६ एप्रिल

ताई,

आई घरी आहे. जखम निम्म्याहून कमी झाली. कडा चपट्या झाल्या, जांभळा रंग गेला, आणि चहूबाजूंनी पातळ गुलाबी कातडी सरकत येते आहे. आता वाईट बातमी.

तू त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना मार्चमध्ये ईमेल केला होतास की स्टेरॉइड चालू आहे तर हाडांकडे लक्ष द्या, आत्तापासूनच द्या. त्यांनी हाडांचं औषध लगेच सुरू केलं होतं. तरी हाडं व्हायची तेवढी पोकळ झाली. परवा स्वयंपाकघरात पाय अडकला, तिने हातावर भार घेतला आणि मनगट मोडलं. तू म्हणाली होतीस तसंच. साखर वाढलीय, चेहरा गोल झालाय, दंडाची कातडी आधीच नाजूक, ती आता नुसत्या बोटाने निळी पडते. मी आयुष्यभर जिचं जुनं होणं मोजलं, ती कातडी माझ्या डोळ्यांदेखत झपाट्याने म्हातारी होते आहे, आणि ते औषध मीच मागितलं होतं.

हे तुला लिहायला मला मुळीच आवडत नाही. पण अर्धंच सांगितलं तर माझ्यात आणि जाहिरातीतल्या क्रीमवाल्यांत फरक काय?

मनगटाचं तुला आईकडून आधीच कळलं, म्हणून काल तू लिहिलंस की आता तिला तुझ्याकडे पाठवावं. पाच वर्षांनी मला लिहिलेलं पहिलं वाक्य ते, आणि त्यातही हुकूम. मी आईला वाचून दाखवलं. ती प्लॅस्टरमधला हात वर करून म्हणाली, "हात मोडला. पाय आहे. मी कुठेही जात नाही." स्टेरॉइड आता दर आठवड्याला थोडं थोडं कमी होतंय. ते घाईने थांबवलं तर पिसाळलेला परत येईल. तुला बघायचंच असेल तर तू ये. माझा विरोध नाही. सोफा आखूड आहे एवढं लक्षात ठेव.


३ जुलै

ताई,

पोचल्याचा मेसेज मिळाला. उत्तर फोनवर देता आलं असतं, आता तू उचलतेस, पण मला कागदाची सवय लागली आहे. कागदावर तू मधेच तोडत नाहीस.

तू इथे होतीस त्या आठवड्यातल्या एका गोष्टीबद्दल आपण बोललोच नाही. पहिल्या सकाळी तू बॅगही न उघडता आईच्या पायाशी जमिनीवर बसलीस आणि चष्मा लावलास. जखम पूर्ण मिटलेली. कातडी पातळ, चकाकणारी, बारीक खड्ड्यांची, चाळणीसारखी. तू अंगठ्याने कडा दाबत गेलीस, वरून खाली, खालून वर. मी दारात उभी होते. तू वर न बघता म्हणालीस, "कापला असता मी."

आई म्हणाली, "मी सही केली नसती."

आईने तुझ्या केसांत हात घातला तेव्हा मी चहा करायला निघून गेले. मला कुणाची माफी नको होती आणि तू मागितली नाहीस, ते बरं केलंस. बाबांच्या वेळच्या बोलण्याचंही आपण दोघींनी नाव काढलं नाही. मी ते अजून मागे घेतलेलं नाही. पण तू वर्गमित्राला फोन करून विचारलंस की यापुढे म्हाताऱ्या कातडीवरची जखम आली तर कापायच्या आधी कडेचा तुकडा बघशील का, आणि तोच प्रश्न स्वतःच्या विभागालाही पाठवलास, हे मी ऐकलं. भिंती पातळ आहेत.

आता कामाचं. तुझ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या बैठकीसाठी तू स्लाइडचे फोटो मागितलेस. सोबत आहेत, पायाचे आणि दंडाचे. खाली रुग्णालयाचं आणि पॅथॉलॉजीच्या बाईंचं नाव जायला हवं, त्यांची परवानगी मी घेतली आहे. आईचीही घेतली. तिला तू पाठवलेलं शीर्षक दाखवलं: "७९ वर्षीय वृद्ध स्त्रीच्या पायावरील न भरणारी जखम". तिने चष्मा लावून ते वाचलं, पेन मागितलं. मनगट अजून वळत नाही नीट, तरी पेन घट्ट धरून तिने 'वृद्ध' वर आडवी रेघ मारली.

मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "इथे एकोणऐंशी लिहिलंय ना? मग पुन्हा वृद्ध कशाला? डॉक्टरांना आकडे कळत नाहीत का?"

तिच्या दोन अटी आहेत. शीर्षक तिने दुरुस्त केलंय तसंच राहील. आणि बैठकीच्या वेळी ती स्वतः इथून स्क्रीनवर बसणार आहे, पाय स्टुलावर ठेवून. तिच्याबद्दल जे काही बोलायचं ते तिच्यासमोर बोलायचं, आणि विचारायचं ते तिलाच विचारायचं. एवढी मोठी माणसं वेळात वेळ काढून येतात, असं चालणार नाही, असं तू म्हणशील. म्हणून बघ तिला. मी मधे पडणार नाही, मी तिच्या शेजारी बसलेली असेन.

तुझी धाकटी